झुळुकीला मारलेली हाक

अथेन्सहून आलेला एक वयस्क राजदूत एजिना बेटावर अडकून पडला आहे. क्रीटचा राजा मिनोस युद्धाच्या तयारीत आहे, अथेन्सला कुमक हवी आहे, बेटाचा राजा इयाकस याने ती द्यायचे कबूलही केले आहे आणि त्याचे दोन मोठे मुलगे सैन्य उभे करण्यात गुंतले आहेत. परंतु समुद्रावर पूर्वेचा वारा वाहतो आहे आणि तो परतीची शिडे उभारू देत नाही. म्हणून राजाचा धाकटा मुलगा पाहुण्यांना आतल्या दालनात नेऊन बसवतो, आणि तिथे त्याची नजर राजदूताच्या हातातील सोनेरी टोकाच्या भाल्यावर खिळते. आपल्याला रानाची आणि शिकारीची एवढी आवड, तरी हे लाकूड कोणते ते ओळखता येत नाही, असे तो म्हणतो. सोबतचा एक जण त्याला सांगतो की या भाल्याचे खरे नवल त्याच्या गुणात आहे: त्याचा नेम कधी चुकत नाही, आणि कुणी आणून न देता तो रक्ताने माखलेला आपोआप परत येतो. मुलगा साहजिकच विचारतो की हा भाला दिला कुणी. त्या प्रश्नावर राजदूत सेफलसच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसीज'मधील, माझ्या दृष्टीने सर्वांत दुःखद अशी प्रेमकथा सुरू होते.

पंधरा सर्ग आणि जवळजवळ १२,००० ओळींच्या त्या महाकाव्यात सेफलस आणि त्याची पत्नी प्रॉक्रिस यांच्या वाट्याला सातव्या सर्गाच्या शेवटच्या सुमारे दोनशे ओळी आल्या आहेत. माणसांची झाडे, पक्षी आणि दगड होण्याच्या शेकडो कथांमध्ये ही कथा वेगळी पडते, कारण तिच्या नायक-नायिकेचे कोणतेही कायमचे रूपांतर होत नाही. ती दोघे शेवटपर्यंत माणसेच राहतात. महाविद्यालयात असताना मी ती इंग्रजी अनुवादातून वाचली होती. तेव्हा माझे मत अगदी पक्के होते की प्रॉक्रिस हलक्या कानाची होती, कुणी काही सांगितले आणि तिने ते मनाला लावून घेतले, म्हणून तिच्यावर ही वेळ आली. पुढे पन्नाशीनंतर मी हौस म्हणून लॅटिन शिकायला लागले आणि एका पावसाळ्यात शब्दकोश हाताशी ठेवून या दोनशे ओळी रोज चार-पाच अशा रीतीने वाचून काढल्या. इतक्या हळू वाचल्यामुळे असेल, पण माझे जुने मत त्या वाचनात टिकले नाही, आणि आज त्या मताची मला खंत वाटते. प्रॉक्रिसवर झालेला तो एक छोटासा अन्याय होता आणि त्यात माझाही वाटा होता.

कथा सेफलसच्या तोंडूनच ऐकायला मिळते, आणि हे विसरून चालत नाही. प्रॉक्रिस ही अथेन्सचा राजा एरेक्थियस याची मुलगी. दोघांचे लग्न होऊन दुसरा महिना लागला होता. सेफलस अथेन्सजवळच्या हिमेटस पर्वतावर पहाटे हरणांसाठी जाळी लावत होता, आणि तिथे ऑरोरा, म्हणजे पहाटेची देवी, त्याला पाहते आणि त्याच्या मनाविरुद्ध उचलून घेऊन जाते. (ही ऑरोरा आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. ऋग्वेदातील उषा, ग्रीकांची इऑस आणि रोमनांची ऑरोरा ही तिन्ही नावे एकाच प्राचीन मूळ शब्दातून आली आहेत.) सेफलस तिच्याकडे राहतो खरा, पण प्रॉक्रिसविषयी बोलायचे थांबत नाही, लग्न, नवी शय्या, मागे राहिलेली पत्नी, हाच एक विषय त्याच्या तोंडी असतो. शेवटी देवी चिडते आणि म्हणते, ठेव तुझी प्रॉक्रिस तुझ्याजवळ, पण मला भविष्य दिसत असेल तर एक दिवस तुला वाटेल की ती आपल्याला मिळाली नसती तर बरे झाले असते.

परतीच्या वाटेवर त्याच्या मनात पाल चुकचुकते. तिचे रूप आणि वय पाहिले तर संशयाला जागा आहे, तिचा स्वभाव पाहिला तर मुळीच नाही. पण आपण इतके दिवस दूर होतो, आणि ज्या देवीकडून आपण येत आहोत तीच या अपराधाचा नमुना आहे, असे तो स्वतःच सांगतो. इथे कुणी त्याचे कान भरलेले नाहीत, कुणी निरोप आणलेला नाही. तरीही तो पत्नीची परीक्षा घ्यायचे ठरवतो, आणि ऑरोरा आनंदाने त्याचे रूप बदलून देते. परका होऊन तो आपल्याच घरात शिरतो. घरात बोट ठेवायला जागा नसते, धनी हरवल्याच्या काळजीने ते घर झुरत असते. हजार क्लृप्त्या केल्यावर त्याला प्रॉक्रिसची भेट मिळते, आणि तिला पाहताच हा बेत सोडून द्यावा, खरे काय ते सांगून टाकावे आणि तिला जवळ घ्यावे, असे त्याला अनावरपणे वाटते. पण तो तसे करत नाही. तो तिला मोह घालतो आणि ती नकार देते. मी एकासाठी राखलेली आहे, तो जिथे असेल तिथे असो, माझे सुख त्याच्यासाठीच आहे, एवढेच ती म्हणते. शहाण्या माणसाला एवढी परीक्षा पुरली नसती का, असे सेफलस ऐकणाऱ्यांना विचारतो आणि लगेच सांगतो की आपल्याला ती पुरली नाही, आपण स्वतःला जखमा करून घेण्यासाठीच झुंजत राहिलो. तो एका रात्रीची किंमत वाढवत जातो, भेटींवर भेटी कबूल करतो, आणि अखेर ती क्षणभर घुटमळते. होकार देत नाही, फक्त घुटमळते. तेवढ्यावर तो ओरडतो की मी तुझा खरा नवरा आहे आणि तुझी बेइमानी मी स्वतः पाहिली आहे.

इथे माझी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. आमचे लग्न ठरले तेव्हा मी नाशिकला होते आणि हे नोकरीनिमित्त नागपूरला होते. पत्रांचे दिवस होते ते. पत्राला दोन दिवस उशीर झाला की माझ्या मनात नाना शंका येत, आणि एका मैत्रिणीच्या संगतीने मी एक गोष्ट केली जिची मला आजही लाज वाटते. मैत्रिणीच्या अक्षरात आम्ही यांना एका काल्पनिक मुलीच्या नावाने पत्र पाठवले. तुम्हाला एका कार्यक्रमात पाहिले, तुमच्याशी ओळख व्हावी असे वाटते, अशा अर्थाचे. उत्तर आले नाही. मी त्यावर समाधान मानायला हवे होते. आम्ही दुसरे पाठवले, त्यालाही उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्रात आम्ही त्या मुलीच्या आईला मोठे दुखणे असल्याचे आणि तिला बोलायला कुणी नसल्याचे लिहिले. त्या पत्राला चार ओळींचे उत्तर आले, की आईंना लवकर बरे वाटो, माझे लग्न ठरले आहे, आपण धीर सोडू नये. ते उत्तर कित्येक दिवस माझ्या हातात होते आणि मी त्यात दोष शोधत होते. उत्तर दिलेच का, हा माझा प्रश्न होता. पुढच्या भेटीत मी ते त्यांच्यासमोर ठेवले. ते काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले आणि निघून गेले, आणि त्यानंतर तीन आठवडे त्यांचे पत्र आले नाही.

प्रॉक्रिसही काही बोलत नाही. ओव्हिडने तिला या जागी एकही शब्द दिलेला नाही. लाजेने मुकी होऊन ती त्या कपटी घरातून आणि त्या दुष्ट नवऱ्यापासून पळून जाते, पुरुषजातीचाच तिटकारा येऊन डोंगरांत भटकते आणि शिकारीची देवी डायना हिच्या सोबत शिकारीत रमते. मी ही ओळ वाचली तेव्हा मला त्या न प्यायलेल्या चहाची आठवण झाली आणि त्या दिवशी पुढे वाचवले नाही. ज्याची परीक्षा घेतली जाते त्याला उत्तीर्ण होण्याचा मार्गच ठेवलेला नसतो, कारण परीक्षा घेणाऱ्याला नकार पुरत नाही, तो किंमत वाढवत जातो, आणि कुठे तरी माणूस थबकतोच. लॅटिन ओळीतील क्रियापदही हेच सांगते. ती घुटमळली असे सेफलस म्हणत नाही. मी तिला घुटमळायला भाग पाडले, असे तो म्हणतो. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात आहे आणि त्यासाठी मला तो माणूस म्हणून आवडतो. तो तिची क्षमा मागतो, आणि इतकी मोठी देणगी समोर ठेवली असती तर मीही वाकलो असतो, अशी कबुली देतो. त्या कबुलीनंतरच ती परत येते.

परत येताना ती दोन भेटी आणते, डायनाने दिलेला लेलॅप्स हा कुत्रा आणि तो भाला. कुत्र्याची कथा थोडक्यात आटपते: थीब्ज परिसरात धुमाकूळ घालणाऱ्या एका जनावरामागे तो धावतो, आणि दोघांपैकी कुणीच हरू नये म्हणून कुणा देवाने दोघांनाही पळता पळता संगमरवराचे केले. भाल्याबाबत मात्र ओव्हिड एक चमत्कारिक मौन पाळतो. तो कोणत्या किमतीला मिळाला हे सांगायला सेफलसला लाज वाटली आणि तो गप्प राहिला, असे कवी ओझरते म्हणतो. हायजिनस या लेखकाच्या नावावर असलेल्या लॅटिन कथासंग्रहात त्या मौनामागची गोष्ट आहे. तिथे प्रॉक्रिस तरुणाच्या वेषात परतते, शिकारीत सेफलसला मागे टाकते, आणि भाला व कुत्रा हवा असेल तर स्वतःला माझ्या स्वाधीन कर, अशी अट घालते. तो कबूल होतो, आणि मग ती आपली ओळख देते. म्हणजे परीक्षा त्याचीही झाली होती आणि तो घुटमळण्याच्याही पुढे गेला होता. राजपुत्रासमोर बसलेला सेफलस पत्नीची परीक्षा तपशिलाने सांगतो आणि स्वतःची गाळतो. यावरून मला राग यायला हवा, पण तसे होत नाही. मीही वरची गोष्ट सांगायला तीस वर्षे घेतली आहेत.

यानंतर काही वर्षे सुखाची जातात. तिने देवांचा राजा ज्युपिटर यालाही जवळ केले नसते आणि त्याला प्रेमाची देवी व्हीनसही मोहवू शकली नसती, असे त्या वर्षांविषयी सेफलस सांगतो. सूर्याचे पहिले किरण शिखरांवर पडताच तो एकटाच रानात जाई, सोबत ना माणसे, ना घोडे, ना कुत्रे, फक्त तो भाला. शिकार करून हात दमले की सावलीत येऊन पडे आणि गार वाऱ्याची वाट पाही. वाट पाहता पाहता त्याला आळवण्याची, जवळजवळ गाण्याची सवय लागली. लॅटिनमध्ये मंद वाऱ्याला 'ऑरा' म्हणतात आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ये ऑरा, माझ्या उराशी ये, मला जाळणारा हा दाह शांत कर. आणि कधीकधी तो आणखी पुढे जाई: तूच माझे मोठे सुख आहेस, तूच मला उभारी देतेस, तुझ्यामुळे मला ही राने आणि हे एकांत आवडतात, तुझा श्वास मी नेहमी माझ्या ओठांनी टिपत असतो.

इंग्रजीत हा प्रसंग वाचताना त्यातील गैरसमज मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटला होता. मराठीत मनातल्या मनात उतरवून पाहिला आणि तो एकदम खरा झाला, कारण आपल्याकडेही वारा पुल्लिंगी असला तरी झुळूक स्त्रीलिंगी आहे. 'ये ग झुळुके, ये, तुझ्यावाचून जीव तळमळतो' असे झाडीपलीकडून एखाद्या पुरुषाच्या आवाजात ऐकू आले तर ऐकणाऱ्याला झुळूक हे मुलीचे नावच वाटेल. शिवाय ऑरा आणि ऑरोरा या नावांत एकाच अक्षराचे अंतर आहे. नवऱ्याला पळवून नेणारी एक ऑरोरा या घराने आधीच पाहिली होती. ओव्हिडला हे साम्य दिसले नसेल हे मला संभवनीय वाटत नाही.

कुणीतरी हे शब्द ऐकतो, ऑरा ही एखादी वनदेवता असावी असे समजतो, आणि प्रॉक्रिसच्या कानावर घालतो. ती कोसळते. शुद्धीवर आल्यावर जे मुळात नाहीच त्याला ती भिऊ लागते, देह नसलेल्या एका नावाला भिऊ लागते. या जागी सेफलस ते वाक्य उच्चारतो जे पुढे म्हणीसारखे वापरले गेले: प्रेम ही भोळी, चटकन विश्वास ठेवणारी गोष्ट आहे. अनेक वर्षे मला हे वाक्य सुंदर वाटत आले. पण स्वतःच्या संशयाविषयी बोलताना हाच सेफलस थोडे आधी म्हणाला होता की प्रेम करणारे आम्ही सगळ्यालाच भितो. दोघांना झालेला आजार एकच, परंतु त्याच्या बाबतीत ती भीती ठरते आणि तिच्या बाबतीत भोळेपणा. आणि दोघांच्या वागण्यात जो फरक आहे तो नेमका उलट बाजूचा आहे. त्याच्याजवळ कोणताही पुरावा नव्हता, तर त्याने वेष पालटून तो तयार केला. तिच्याजवळ प्रत्यक्ष ऐकणाऱ्याची साक्ष होती, तरीही आपली फसगत झाली असावी अशी आशा ती धरून राहिली, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नवऱ्याला दोषी ठरवायचे नाही, असे तिने ठरवले. हलक्या कानाची माणसे असे करत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट मला त्या पावसाळ्यातल्या वाचनात दिसली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कथेच्या अगदी सुरुवातीला सेफलस आपल्या पत्नीची ओळख करून देतो ती ओरिथियाची बहीण म्हणून. ती ओरिथिया तुमच्या कानावर आली असेल, पळवून नेलेली, असे तो म्हणतो. तिला पळवून नेले होते ते बोरियसने, आणि बोरियस म्हणजे उत्तरेचा वारा. ही कथा ओव्हिडने लगेच आधीच्या, सहाव्या सर्गाच्या शेवटी सांगितली आहे: मागणी घालूनही मुलगी मिळेना तेव्हा वाऱ्याने आपला खरा स्वभाव दाखवला, धुळीचे लोट उठवले आणि भ्यालेल्या ओरिथियाला पंखांत लपेटून नेले. ज्या मुलीच्या सख्ख्या बहिणीला वारा घेऊन गेला आणि जिच्या नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात पहाट घेऊन गेली, तिने झुळुकीलाही देह असेल, मन असेल, हाव असेल असे मानले, तर त्यात वेडेपणा कुठे आहे? तिच्या घराच्या अनुभवाप्रमाणे तेच सर्वांत शक्य कोटीतले होते. ज्याला वारा म्हणजे फक्त वारा असतो असे वाटत होते, तो सेफलस त्या जगात भोळा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीप्रमाणे जातो, शिकार करतो आणि गवतावर पडून झुळुकीला हाक मारतो. बोलता बोलता त्याला कुणाचा तरी हुंदका ऐकू आल्यासारखे वाटते. तरीही तो म्हणतो, ये, प्रिये. झडलेली पाने सळसळतात, जनावर आहे असे समजून तो भाला फेकतो, आणि तो भाला नेम चुकणारा नाही. आपल्याकडे हा प्रसंग वाचणाऱ्याला शरयूच्या काठी घडा भरणारा श्रावण आणि आवाजाच्या रोखाने बाण सोडणारा दशरथ आठवल्यावाचून राहत नाही. मला त्यातही एक वेगळे साम्य जाणवते. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात तो प्रसंग घडताना आपण पाहत नाही. राम वनात गेल्यावर, आयुष्याच्या शेवटच्या रात्री, दशरथ तो कौसल्येला सांगतो. म्हणजे दोन्हीकडे न पाहता मारणारा माणूस पुष्कळ वर्षांनी, रडत, आपणच आपली गोष्ट सांगतो, आणि गेलेल्याची बाजू त्याच्या आठवणीत जेवढी उरली तेवढीच आपल्यापर्यंत येते.

सेफलस आवाज ओळखून धावतो तेव्हा ती अर्धमेली असते आणि स्वतःच दिलेली भेट स्वतःच्या छातीतून उपसत असते. आपोआप परतणारा भाला या वेळी आपोआप परतलेला दिसत नाही. तो कपडे फाडून जखम बांधतो, मला असा अपराधी करून सोडून जाऊ नकोस म्हणून विनवतो. ती उरलेल्या शक्तीनिशी एवढेच मागते: आपल्या विवाहाची शपथ, देवांची शपथ, आणि आता मरतानाही जे सरलेले नाही आणि ज्याने माझा जीव घेतला त्या प्रेमाची शपथ, त्या ऑराला आपल्या घरात पत्नी म्हणून आणू नकोस. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात येते की हा एका नावाचा घोटाळा आहे, आणि तो तिला तसे सांगतो. सांगून काय उपयोग, असेही तोच म्हणतो. ती पाहता येईल तोवर त्याच्याकडे पाहत राहते, आणि तिचा चेहरा निश्चिंत झाल्यासारखा त्याला वाटतो.

'वाटतो' हा शब्द ओव्हिडने ठेवला आहे. तिला खरोखर कळले का, की शेवटच्या क्षणी तिने त्याचे मन राखले, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. ज्याच्या हातून ती गेली त्याला ते समाधान मिळू द्यायला मी आता तयार आहे. विशीत असते तर झाले नसते.

विशेष हे की ओव्हिडने हीच कथा काही वर्षे आधी एकदा सांगितली होती, 'आर्स अमातोरिया' या प्रेमकलेवरील काव्याच्या तिसऱ्या भागात, जो त्याने स्त्रियांना उद्देशून लिहिला. तिथे ती उदाहरण म्हणून येते: कुणी सवतीविषयी काही सांगितले तर लगेच विश्वास ठेवू नका, पाहा प्रॉक्रिसचे काय झाले. तिथे ऑरोरा नाही, वेषांतर नाही, परीक्षा नाही. फक्त सांगोवांगी, धाव आणि मरण. परंतु त्या आवृत्तीत एक असा क्षण आहे जो मला सहन होत नाही. झाडीत लपलेली प्रॉक्रिस नवऱ्याचे शब्द स्वतः ऐकते आणि तिला कळते की ऑरा म्हणजे साधा वारा. तिच्या चेहऱ्यावर रंग परत येतो, ती आनंदाने उठते, त्याच्या मिठीत शिरायला पाने बाजूला सारत निघते, आणि त्याच सळसळीवर शस्त्र येते. एकाच कवीने एकदा तिला सत्य कळल्यानंतर मारले आणि एकदा कळण्याआधी जखमी केले. अधिक क्रूर कोणते, यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. माझा कौल पहिल्या, लहान कवितेकडे जातो; उपदेशाच्या ओघात आलेली असूनही ती मला अधिक घायाळ करते. पण खरी कथा दुसरीच आहे, कारण तिच्यात प्रॉक्रिसच्या संशयाला भूतकाळ आहे. आधी परीक्षा झाली नसती तर त्या सांगोवांगीला तिच्या मनात जागाच मिळाली नसती.

ओव्हिडच्या आधीचा रोमन कवी व्हर्जिल यानेही तिला पाहिले आहे. त्याच्या 'इनीड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात नायक इनिअस पाताळात जातो तेव्हा शोकाच्या मैदानात, मेंदीसारख्या दिसणाऱ्या मर्टलच्या झाडीत, निष्ठुर प्रेमाने झिजलेल्या स्त्रिया त्याला दिसतात, आणि मरणानंतरही त्यांची व्यथा त्यांना सोडत नाही. तिथे प्रॉक्रिसचे फक्त नाव येते. तिला झाडीतच उभे केलेले पाहून मला वाईट वाटले.

काही वर्षांपूर्वी लंडनला जाण्याचा योग आला तेव्हा मी नॅशनल गॅलरीत दोन चित्रांसाठी गेले होते. एक फ्रेंच चित्रकार पूसँचे, सुमारे १६३० सालचे, ज्यात ऑरोरा सेफलसला कमरेशी धरून थांबवते आहे आणि त्याची मान मात्र एका बालदेवदूताने समोर धरलेल्या प्रॉक्रिसच्या तसबिरीकडे वळलेली आहे. दुसरे इटालियन चित्रकार पिएरो दी कोसिमोचे, साधारण १४९५चे, लांबट फळीवर रंगवलेले. पाणथळ किनाऱ्यावर एक तरुणी निपचित पडलेली आहे, तिच्या गळ्याशी जखम आहे, उशाशी गुडघे टेकून एक सटर, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा वनचर, तिच्यावर वाकला आहे आणि पायाशी एक तपकिरी कुत्रा बसला आहे. ही प्रॉक्रिसच, असे पुष्कळ काळ मानले गेले, पण भाला कुठेच नाही आणि सेफलसही नाही, म्हणून गॅलरी त्या चित्राला नुसते 'अप्सरेसाठी शोक करणारा सटर' असे म्हणते. मला त्या कुत्र्यापुढून हलता येईना. तो रडत नाही, भुंकत नाही, फक्त पाहत बसला आहे. माझ्यासोबत हे होते. पूर्ण कथा मी त्यांना तिथे, त्या चित्रासमोरच्या बाकावर बसून सांगितली, परीक्षेच्या प्रसंगासकट. ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "त्या मुलीच्या आईला पुढे बरे वाटले का?" ती आई आम्हीच रचलेली होती, हे त्यांना तीस वर्षांपासून ठाऊक होते. मला हसू आणि रडू एकदमच आले.

घरी आल्यावर मी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की कथेतील दोन ओळी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. झुळुकीला आळवताना सेफलस म्हणाला होता की तुझा श्वास मी नेहमी माझ्या ओठांनी टिपतो. आणि मरताना प्रॉक्रिस आपला शेवटचा श्वास सोडते तो त्याच्याच ओठांत. आधीच्या लहान कवितेतही तो शेवटी नवऱ्याच्याच ओठांत टिपला जातो, पण ज्यांच्यावर संशय घेतला त्याच वाऱ्यांत आपला श्वास चालला आहे, असे तिथे ती स्वतः म्हणते. इथे ओव्हिडने त्या श्वासाजवळ वाऱ्याला येऊच दिलेले नाही. झुळुकीसाठी योजलेली जागा अखेर प्रॉक्रिसला मिळते, आणि ती तिची आधीपासूनच होती.

सातवा सर्ग संपतो तेव्हा सांगणारा आणि ऐकणारे सगळेच रडत असतात, आणि राजा इयाकस दोन मुलांसह व नव्या सैन्यासह आत येतो. आठव्या सर्गाच्या पहिल्याच ओळींत शुक्राची चांदणी रात्रीला घालवून देते, पूर्वेचा वारा पडतो, दमट ढग वर येतात आणि दक्षिणेचे मवाळ वारे सेफलसच्या शिडांत भरतात. वाटले होते त्याहून लवकर ते त्याला घरी पोचवतात.